नातालिनचं मागणं

नातालिन माझी शेजारीण. मालवणच्या मासळीबाजारात ती सुरमई आणि बांगडे विकते. पर्यटक भाव करायला आले की ती त्यांच्याशी जी शुद्ध मराठी बोलते, ती ऐकून मला, म्हणजे आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला, हसू आवरत नाही. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तिची भाषा जागेवर येते. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नाही. पण एक शब्द तिच्या तोंडून कधी निघत नाही, आणि तो म्हणजे ‘गेला’.

घरातून निघताना आपण सगळेच ‘येतो’ म्हणतो, त्यात नवल नाही. नातालिनचं प्रकरण त्याच्या पुढचं आहे. मुलगा मासेमारीला गेला असेल तर ती ‘दर्यार आसा’ म्हणते. एसटी चुकली तर ‘गावली नाय’ म्हणते. फार वर्षांपूर्वी मी तिला यावरून चिडवायची. पुढे तिचा नवरा इनास होडी घेऊन बाहेर पडला तो परत आलाच नाही, आणि माझं चिडवणं कायमचं बंद झालं.

इनासचा देह आचऱ्याच्या किनाऱ्यावर सापडला. त्या वेळचे आमचे म्हातारे फादर ती बातमी कुणालाही न सांगता आधी चालत नातालिनच्या दारात आले होते. भर दुपारची वेळ, ती अंगणात मासे साफ करत होती. पांढरा झगा माडांमधून येताना दिसला आणि तिला कळलं, असं ती सांगते. फादर पायरीवर बसले, तिला सगळं सांगितलं, तिचं रडणं ओसरेपर्यंत तिथेच थांबले. कुणी वारल्याची चर्चची घंटा त्यानंतर वाजली. तेव्हापासून बाजारात उठणाऱ्या दहा अफवांकडे नातालिन ढुंकून बघत नाही. चर्चमधून कळलं तर मात्र ते खरं, असा तिचा हिशोब.

तिचा मुलगा मार्तिन मोठा झाला तेव्हा तिने त्याला दर्यापासून लांब ठेवायचा सगळा खटाटोप केला. गोव्यातल्या हॉटेलात चिकटवून दिलं. तिथे त्याचं मन रमेना. परत आला आणि फकरुद्दीनभाईंच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. नातालिनने काही दिवस त्याच्याशी अबोला धरला. मग एका पहाटे मुकाट्याने त्याचा डबा भरून दिला, आणि त्या आठवड्यापासून दर रविवारी चर्चमध्ये मार्तिनसाठी मागणं सुरू झालं.

आमच्याकडे रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, लोकांची मागणी मोठ्याने वाचली जातात. कुणाचं ऑपरेशन असतं, कुणाच्या मुलीची परीक्षा असते, कुणी नुकतंच वारलेलं असतं. पूर्वी दाराशी एक पेटी होती, तिच्यात चिठ्ठी टाकायची. नातालिनला लिहिता येत नाही, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी ती माझ्याकडे यायची. मीही मन लावून लिहायची. खवळलेला सागर, चिमुकली नौका, मातेचं व्याकूळ हृदय, असं सगळं त्यात यायचं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, टीचर, येवढा लांब लिवलात तर देव वाचतलो कधी? देवाक दुसरीय कामां आसत.

मग फादर प्रीतम आले. तरुण आणि हसतमुख. आमच्या चर्चशिवाय आसपासच्या वाड्यांतली छोटी चर्चही त्यांच्याच गळ्यात, त्यामुळे दिवसभर मोटारसायकलवर. त्यांनी मागण्यांसाठी एक व्हॉट्सॲप नंबर सुरू केला. त्यावर आपण बोलून पाठवायचं. आपलं बोलणं त्यातलं एआय ऐकतं, त्याचं नीटनेटकं मराठी करतं आणि आजारी, परीक्षा, प्रवास, दिवंगत अशा गटांत लावून देतं. रविवारी सकाळी फादर कागद छापून घेतात आणि वाचतात. कुठल्या घरी आजारी माणूस आहे, कुणाकडून बरेच दिवस मागणं आलं नाही, याचीही आठवण ते यंत्र फादरांना करून द्यायचं.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझं शनिवारचं लिखाण एका मोबाईलने खाऊन टाकलं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पण उगाच नावं कशाला ठेवू? खाटेला खिळलेले म्हातारे कैतान वर्षभर फादरांना भेटीसाठी हाका मारत होते, त्यांच्या दारात फादर पोचले ते या यंत्रामुळेच. नातालिन तर खूशच होती. बाजारात टोपलीशी बसूनच ती मोबाईल तोंडाजवळ धरायची आणि हळू आवाजात आपलं मागणं सांगून टाकायची.

दिवाळी नुकतीच झाली होती तेव्हाची गोष्ट. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि शनिवारी वारं फिरलं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला. एकेक ट्रॉलर परत येऊ लागला, फकरुद्दीनभाईंचा काही दिसेना. मार्तिनचा फोन लागेना. नातालिनने दुपारपर्यंत कसेबसे मासे विकले, उरलेले शेजारणीच्या टोपलीत टाकले आणि उठता उठता चर्चच्या नंबरवर आपलं मागणं पाठवलं. संध्याकाळी मी तिच्याकडे गेले तर ती दिवा लावून जपमाळ घेऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

रविवारी मिस्सेला चर्च भरलेलं होतं. मी गायकवृंदात, वरच्या सज्जात असल्यामुळे मला सगळे दिसतात. नातालिन नेहमीच्या जागी, उजवीकडे खांबाजवळ बसली होती. फादरांनी मागण्यांचा कागद उघडला. आजारी झाले, परीक्षा झाल्या. मग फादरांनी आवाज जरा खाली आणला आणि वाचलं, “आपल्यातून देवाघरी गेलेला मार्तिन इनास फर्नांडिस, याच्या आत्म्याला चिरशांती लाभावी म्हणून आपण प्रार्थना करू या.”

सवयीने अर्धं चर्च प्रत्येक मागण्यानंतरचं ‘हे प्रभो’ म्हणून गेलं आणि तिथेच अडकलं. माझ्या हातातलं गाण्याचं पुस्तक खाली पडलं. काल संध्याकाळी मी त्या बाईच्या शेजारी बसून आले होते आणि आज हे मी वरून ऐकत होते. मला वाटलं, रात्रीत बातमी आली असणार आणि फादर तिच्या घरी जायचे राहिले असणार. इतका संताप मला कुणाचा क्वचितच आला असेल.

नातालिन उभी राहिली. ती रडली नाही, ओरडलीही नाही. खांबाला हात लावून तिने विचारलं, “फादर, तुमका कोणी सांगल्यान?”

फादरांनी कागदाकडे पाहिलं. उलटून मागची बाजू पाहिली. त्यांचा चेहरा पार उतरला. “कोणी सांगितलं नाही,” ते म्हणाले. “कागदावर आहे.”

“आणि कागदाक कोणी सांगल्यान?”

फादर वेदीवरून खाली आले, तसेच आत जाऊन आपला मोबाईल घेऊन आले आणि नातालिनच्या समोर उभं राहून त्यांनी तिचा शनिवारचा निरोप लावला. तोवर मीही जिना उतरून तिच्यापाशी पोचले होते. बाजाराच्या कलकलाटात तिचाच आवाज आला, “माझो मार्तिन देवाच्या हातात आसा. त्येच्यासाठी मागणा करा.”

झालं होतं ते एवढंच. ‘मार्तिन गेलो’ म्हणायचं नाही, म्हणून तिने त्याला देवाच्या हातात ठेवला होता. आणि त्या शहाण्या यंत्राने देवाच्या हातात असलेला माणूस देवाघरी पोचवून, वर चिरशांतीही मागून ठेवली होती. आमच्या गावातलं शेंबडं पोरही जिथे चुकलं नसतं, तिथे ते चुकलं. फादरांनी नातालिनला सांगितलं की तुम्ही हे बोललात आणि याउपर कुणीच काही कळवलेलं नाही. कुठूनही बातमी आलेली नाही.

नातालिनने पहिल्यांदा श्वास घेतला. पण अर्धाच. “मगे तो खंय आसा?” तिने विचारलं.

फादरांनी तिथेच, मिस्सा तशीच थांबवून, फकरुद्दीनभाईंना फोन लावला. भाई आधी फादरांवरच उखडले. म्हणाले, मी सकाळीच बाजारात निरोप ठेवला होता, ट्रॉलर रात्रीच देवगड बंदरात आसऱ्याला शिरलाय, सगळे सुखरूप आहेत. रविवारी नातालिन बाजारात नसते, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मार्तिनचा मोबाईल पाण्यात भिजून बंद पडला होता. थांबा, ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाला लावतो, असं म्हणून त्यांनी दुसरा फोन जोडून दिला. फादरांनी स्पीकर चालू केला.

“आये,” मार्तिनचा आवाज आला, तोंडात घास असावा, “काय झाला गो? मी जेवक बसलंय.”

आणि ज्या बाईने इतकी वर्षं ‘गेला’ म्हटलं नव्हतं, ती वेदीच्या पायरीशी उभी राहून सगळ्या गावाच्या देखत म्हणाली, “मेल्या, एक फोन करूक तुझे हात मोडले काय रे?”

चर्च असं हसलं की विचारू नका. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या, पुरुषही पुसत होते आणि धूळ गेली असं दाखवत होते. मी जवळच्या बाकावर टेकले. नातालिन मोबाईल दोन्ही हातांत धरून त्याला शिव्या घालत होती आणि पलीकडून तो नुसतं ‘होय गो, होय गो’ म्हणत होता. फादरही हसत होते. मला वाटलं, तिचं ते ‘मेल्या’ त्या यंत्राने ऐकलं असतं तर पोराला पुन्हा दिवंगतांच्या यादीत टाकलं असतं. त्यानंतर आम्ही जे गाणं म्हटलं, तितकं बेसूर आणि तितकं मनापासून आमच्या गायकवृंदाने कधी म्हटलं नसेल.

संध्याकाळी फादर नातालिनच्या घरी चालत आले. मी तिथे होतेच, मी कशाला घरी बसते. फादर पायरीवर बसले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता तिची माफी मागितली. म्हणाले, मी कागद आधी वाचूनसुद्धा पाहिला नव्हता. आजपासून तो नंबर बंद करतो.

मला आतून बरं वाटलं. चिठ्ठ्यांचे दिवस परत येणार अशी आशाही वाटली. पण नातालिनने मान हलवली.

“बंद करू नकात,” ती म्हणाली. “माका लिवक येणा नाय. आधी टीचरकडसून लिवन घेवचा लागायचा. देवाक कळाच्या आधी तेंका कळायचा.”

हे तिने माझ्या समोर, मला चहा देता देता सांगितलं. फादरांनी शहाणपणाने माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा प्याले. रागवायला हवं होतं, पण त्या दिवशी मला कशाचाच राग येत नव्हता.

मग मी काय करू, असं फादरांनी विचारलं. नातालिनला सल्ला द्यायचा नव्हता, तिच्या मनात दुसरंच काहीतरी होतं.

“मोबाईल कायव बडबडता, त्येचा माका काय नाय,” ती म्हणाली. “पण तुम्ही वाचलात, म्हणान माका खरा वाटला.”

तो नंबर अजून चालू आहे. लोक बोलतात, यंत्र लिहून देतं, गट लावतं. पण आता शनिवारी दुपारी फादर कागद घेऊन बसतात आणि एकेका घरी फोन करतात. तुम्ही हेच म्हणालात ना, सगळ्यांसमोर वाचू ना, असं विचारतात. कुणी म्हणतं, फादर, नाव नको, नुसतं खास मागणं म्हणा. तसंच लिहिलं जातं. दिवंगतांच्या गटात यंत्राने कुणाचं नाव टाकलं तर फादर फोनही करत नाहीत, मोटारसायकल काढून त्या घरी जातात. लिहिण्याचा वाचलेला सगळा वेळ विचारण्यात संपतो, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती ते हसत करतात. कोणाचं काय दुखतंय ते या फोनांमुळे मला कळायला लागलं, असंही एकदा म्हणाले.

त्या गोंधळानंतरच्या रविवारी मार्तिन मिस्सेला आला. उशीर झाल्यामुळे आत न शिरता तो इतर पुरुषांबरोबर दाराशीच उभा राहिला. नातालिन खांबाजवळ बसली होती, मान खाली घालून. मागणी वाचता वाचता फादर थांबले. त्यांनी कागदावरून नजर उचलली, बाकांवरून फिरवली, खांबापाशी नेली, तिथून दारापर्यंत नेली. गर्दीत मार्तिनचा चेहरा सापडेपर्यंत ते तसेच थांबले, आणि मग त्याच्याकडे बघत त्यांनी त्याचं नाव वाचलं.