केसांतली धुरी

शेजारची लेक बाळंतपणाला आली आहे आणि सकाळी तिच्या खोलीतून ओवा-शेपांच्या धुरीचा वास येतो, तेव्हा मला जालन्यातलं माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आठवतं. मी तेव्हा ओली बाळंतीण होते. पोटात असह्य दुखायला लागलं तशी आईनं बाळ वहिनीच्या मांडीवर दिलं आणि मला मंठ्याहून जीपनं आणलं. "सव्वा महिना झाल्याबिगर बाहेर कुणापशी लेकराचं नाव काढू नको, नजर लागती," असं तिनं वाटेतच बजावलं होतं. त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आधीचे आजार, औषधं, बाळंतपण असं एकेक विचारू लागल्या तेव्हा आई सगळ्यालाच "न्हाई, न्हाई" म्हणत गेली. बाई माझं तोंड तपासायला वाकल्या, त्यांना माझ्या केसांतल्या धुरीचा वास आला आणि त्या थबकल्या. "घरी तान्हं बाळ आहे ना गं?" मी रडतच मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अंग ढिलं पाडायचं औषध बाळंतिणीला कधीकधी उशिरा उतरतं. जाग आली आणि हात हलला नाही तरी भिऊ नको, तुझा श्वास मी चालू ठेवीन." ऑपरेशन संपल्यावर तसंच झालं. कानावर आवाज येत होते, पण पापणी उचलेना, तेवढ्यात कपाळावर त्यांचा हात आला, "मी इथंच आहे, झोप अजून." बाळाला जपायला आईनं तोंड मिटलं होतं, आणि तिनंच रोज दिलेल्या धुरीनं सगळं सांगून टाकलं. आता तो वास आला की घरातले खिडकी लावा म्हणतात. मी ती उघडीच ठेवते आणि छाती भरून श्वास घेते.