पेटीतलं पिवळं कापड

शिवणवाल्या मावशींनी पेटीच्या तळाचं पिवळं, फुलाफुलांचं कापड अखेर बाहेर काढलं. लेक पाच वर्षांची असताना तिच्या टॉपसाठी घेतलेलं. पण गिऱ्हाइकांचं आधी, गिऱ्हाइकांचं आधी करता करता लेक मोठी झाली आणि लग्न होऊन दूरदेशी गेली. आता लेकीबरोबर सुट्टीला आलेल्या आठ वर्षांच्या नातीचं माप त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं आणि सराईत हाताने कापड बेतलं.

शिवलेला टॉप नातीच्या खांद्यांवरच अडकला.

"जळला मेला हात!" मावशी स्वतःवरच करवादल्या. "चिठ्ठी समोर असून बघितली नाही. कुणाच्या मापाने कापलं कोण जाणे!"

लेकीने तो इवलासा टॉप छातीशी धरला.

"माझ्या, आई," ती म्हणाली. "रोज विचारायचे ना मी, झाला का म्हणून?"