करवतीच्या पात्याचा तुकडा

माझे काका कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, काकूने आमटीत घातलेल्या मिठावरसुद्धा नाही. कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं कामगारांचे डबे आणि पिशव्या तपासल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? निवृत्त झाले तरी तपासणी चालूच राहिली. कपाटाच्या फटीत काडेपेटीची काडी खोचून ठेवायचे. काडी खाली पडलेली दिसली की सगळ्या घराची चौकशी. निम्म्या वेळा ती मीच मुद्दाम पाडलेली असायची.

त्या दिवशी भर दुपारी खाली धाडकन आवाज झाला. धावत जाऊन बघते तर काकांच्या गाडीची ड्रायव्हरकडची काच गायब, सीटवर नुसते काचेचे दाणे, आणि शेजारी हातात झाडू घेऊन इमारतीचा वॉचमन उभा.

"साहेब, मी हातसुद्धा लावला नाही. आपोआप फुटली."

"आपोआप?" काका म्हणाले. "आपोआप फक्त केस पिकतात!"

आदल्याच दिवशी काकांनी त्याला डुलकी काढताना पकडून चारचौघांत झापलं होतं. त्याचाच हा राग, कुंपणच शेत खातंय, असं त्यांनी कमिटीला सांगून टाकलं. रविवारी बैठक ठरली आणि वॉचमनला काढणार हेही जवळपास ठरलं. जिन्याखालची त्याची खोली नोकरीबरोबर मिळालेली. तिथे त्याची बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. नोकरी गेली की छप्परही जाणार होतं. खोटं कशाला बोलू, पाल माझ्याही मनात चुकचुकली होतीच. काकांच्या घरात वाढल्यावर ती चुकचुकणारच.

शनिवारी काच बसवणारा आला. "दगडाने फुटली, असं लिहून द्या," काकांनी आल्या आल्या फर्मावलं.

"दगड कुठाय?"

"त्याने उचलला असेल. तो काय पुरावा ठेवेल?"

काचवाला हसला. "काका, खिडकीची काच भट्टीत तापवून एकदम गार करतात. आत ताण कोंडलेला असतो. मध्ये गुद्दा मारा, काही होत नाही. पण कडेला टवका उडाला की तिचे दिवस भरले. आज टवका, महिन्याने कडक ऊन, की धाड! जवळ कुणी असो नसो."

बोलता बोलता तो दाराच्या वरच्या रबरात बोटं फिरवत होता. मध्येच थांबला. पकडीने त्याने एक लोखंडी तुकडा ओढून काढला, बोटाच्या पेराएवढा. करवतीचं तुटकं पातं होतं ते.

"हे इथे कुणी घातलं?"

काकांनी तुकडा त्याच्या हातातून काढून घेतला. मला ठाऊक होतं. गाडीत काडी टिकत नाही म्हणून रोज काच वर चढवताना ते हा तुकडा तिच्या कडेवर दाबून बसवायचे. कुणी काच खाली केली की तुकडा पडणार आणि यांना कळणार. मी ते पाहिलं होतं, खूप हसलेही होते. आणि वॉचमन झाडू घेऊन उभा होता तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. याची मला अजून लाज वाटते.

"रोज कडेवर लोखंड घासायचं आणि मग दगड शोधायचा!" काचवाला म्हणाला.

रविवारी बैठकीत काकांनी तो तुकडा टेबलावर ठेवला. "काच माझ्याच हाताने फुटली. याचा काही दोष नाही." वॉचमन दाराशी उभा होता. तो भिंतीला टेकला. त्याची नोकरी राहिली.

मला वाटलं, विषय संपला. पण काका जेवायला बसले नाहीत. काकूने दोनदा हाक मारली. शेवटी मी त्यांच्या खोलीत गेले.

"फाटकावर एकाच्या डब्यात तांब्याची तार सापडली होती," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शेवटपर्यंत म्हणत होता, साहेब, मी ठेवली नाही. मी म्हटलं, मग काय आपोआप आली? सगळे हसले होते गं."

मग म्हणाले, "त्याची खोलीही कारखान्याचीच होती."