पोळ्याला धुतलेली गाडी

बोनेट उघडण्याआधी तो मालकाचं मनगट धरायचा, किल्लीसकट. मग डोळ्यांत डोळे घालून विचारायचा, "इंजिनले पानी मारलं का?" खरं सांगितलं तर शिवी, खोटं सांगितलं तर थप्पड. आणि खोटं त्याला कळायचंच. पांढुर्ण्यात ज्यांच्याकडे पेट्रोलची गाडी आहे, त्यातल्या निम्म्यांच्या गालांना हा हात ठाऊक होता. तरी गाडी अडली की सगळे त्याच्याच शेडपुढे उभे. आता तो नाही, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर माझी काय छाती होती!

सौसरच्या रस्त्यावर त्याचं टिनाचं शेड होतं. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. बुटका, रुंद खांद्यांचा, उजवा हात डाव्यापेक्षा जाड. संतापला की हातात असेल ते भिरकावायचा. समोरच्या चहावाल्याच्या पत्र्याला त्याच्या पान्यांनी पडलेले पोचे मी स्वतः मोजायचा प्रयत्न केला आहे, चहा येईपर्यंत मोजून होत नसत.

एकदा लोधीखेड्याच्या एका संत्रा व्यापाऱ्यानं घरच्या घरी गाडीची इग्निशन कॉइल काढायला घेतली आणि वायरला धरून उपटली. मिस्त्रीनं त्याचा कान धरला आणि तसाच ओढत गाडीपर्यंत नेला.

"दुखलं?"

"हो हो, सोडा!"

"तिलेबी दुखते. पह्यले सॉकिटचं कुलूप दाबाचं, मंग सॉकिट काढाचं, मंग दहाचा बोल्ट. मंग हळूच फिरवून वर घ्याचं."

व्यापारी कान चोळत मान डोलवत होता. पुढे त्याची गाडी दुसऱ्या कोणाकडे गेली नाही, हेही खरं.

मी सौसरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारं ते तारेचं वेटोळं मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढत आलो. ते गाडीत कुठे असतं हे मला त्यानं दाखवलं, तेही मानगूट धरून. चार सिलिंडर, त्यांचे चार प्लग, चार खोल भोकांत बसलेले. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक कॉइल, खाली रबरी नळी घातलेली.

"प्लग झिजला का ठिणगीले लांब उडी माराव लागते," तो म्हणाला. "ते ताकद कोनाची? हिची. तू चार साल प्लग बदलवत नाही, हे बिचारी जळून मरते. खुनी हायेस तू, मास्तर." आणि माझे झिजलेले प्लग त्यानं एकेक करून माझ्या पायांवर फेकले. चारही लागले.

कॉइल गेली असा संशय आला तरी तो ती लगेच टाकत नसे. तिसऱ्या नंबरची काढून दुसऱ्यावर लावायचा, दुसऱ्याची तिसऱ्यावर. "खोट तिच्यासंगं गेली, तं खोट तिच्यातच. जाग्यावरच राह्यली, तं प्लग पाह्य, वायर पाह्य. उगाच कोनाले फाशी देऊ नोको." कॉइलच्या बाबतीत इतका न्यायी माणूस! माणसांच्या बाबतीत मात्र चौकशी कधीच झाली नाही, सरळ शिक्षा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचं शेड बंद असायचं. तो गोटमारीला जायचा. नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसासाठी अल्याडून आमचं गाव आणि पल्याडून सावरगाव दिवसभर एकमेकांवर दगड फेकतं, डोकी फुटतात, माणसं उचलून न्यावी लागतात. मला त्या दिवसाची चीड आहे. लहानपणापासून आहे. एकदा मी त्याला तसं बोललोही.

"सालभर हात आवरून ठेवतो, मास्तर," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "एक दिवस तं मोकळा सोडू दे."

सालभर आवरलेल्या त्या हाताची खूण माझ्या नडगीवर अजून होती.

पोळ्याला ज्यांच्याकडे बैल आहेत ते बैल धुतात. आमच्यासारखे बिनबैलाचे लोक गाडी धुतात, तिला हार घालतात, गुलाल लावतात. त्या वर्षी मला काय अवदसा आठवली कोण जाणे. मी बोनेट उघडलं आणि साबण टाकून, पाइप लावून इंजिनही धुऊन काढलं. असं लखलखलं म्हणता! शेजारी बघायला आले. संध्याकाळी गाडी सुरू करताना जरा खोकली, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्रीची बायको धावत दारात आली. तिच्या लुगड्याला रक्त होतं.

"भाऊजी, यायच्या डोयात गोटा बसला. नागपूरले न्या म्हनते डॉक्टर. दवाखान्याच्या गाड्या साऱ्या भरून गेल्या."

मी गाडी काढली. तो मागच्या सीटवर, डोकं वहिनींच्या मांडीवर. डाव्या डोळ्यावरची पट्टी लाल होऊन गळत होती. गालाची कातडी लोंबत होती. तशातही तो पल्याडच्या लोकांना शिव्या देत होता आणि आपला शेवटचा गोटा कोणाच्या खांद्यावर बसला ते सांगत होता. वहिनी त्याचं तोंड हातानं दाबत होत्या.

गाव सोडून दहा-बारा किलोमीटर गेलो असू. गाडीनं हिसके द्यायला सुरुवात केली. समोर इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला.

"थांबव," मागून आवाज आला. "तीन नंबर मिस मारून राह्यला." मग जरा थांबून, "पानी मारलं का?"

मी आरशात पाहिलं नाही. "नाही. रात्री पाऊस झाला ना, गाडी बाहेर होती."

त्यानं दार ढकललं. खाली उतरला आणि चाकाला टेकून बसला. दहाचा पाना त्याच्या खिशात होता, गोटमारीतसुद्धा. त्याच्या सांगण्यावरून मी कॉइल काढली. गमछ्याला पीळ घालून भोकात सोडला, तो निथळत वर आला. कोरडं करून लावलं, पुन्हा हिसके. मग दोन आणि तीनची अदलाबदल केली. हिसका दोनवर गेला. कॉइल मेलेली होती. मी दोन ट्रकना हात केला. रक्त पाहून एकही थांबला नाही. घाईत माझ्या हातून बोल्ट दोनदा खाली पडला, आणि दोन्ही वेळा तो त्यानं मातीत चाचपून काढून दिला.

"दोन नंबरच्या पेट्रोलचं सॉकिट काढून टाक," तो म्हणाला. "बाकीचे तिघं वढतीन. चाल."

तिघांनी ओढलं, पण रखडत. नागपूरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. दोन तास आधी आणलं असतं तर कदाचित डोळा वाचला असता, म्हणाले. डोळा काढावा लागला.

पुढे तो गावभर सांगत सुटला, "मास्तरनं नेलं म्हनून जीव वाचला." मी समोर असलो तर माझ्या पाठीवर थाप मारायचा. ती थाप मला नको होती.

शेड पुन्हा सुरू झालं, पण एका डोळ्यानं अंतर कळत नाही. तो बोल्टला हात घालायचा आणि मूठ हवेत मिटायची. वहिनी त्याचं बोट धरून बोल्टवर ठेवायच्या. रागानं फेकलेले पाने रस्त्याच्या अर्ध्यातच पडायला लागले. चहावाला हसायला लागला. गिऱ्हाईकं तोंडावर खोटं बोलायला लागली, आणि वर उभी राहून मजा बघायला लागली. ज्यांची जीभ त्याच्यापुढे टाळ्याला चिकटायची, तेच हे लोक. मला त्यांचे गळे धरावेसे वाटत. पण त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय होता?

असंच एका दुपारी शेडमध्ये तो एकटा असताना मी गेलो आणि बोलून टाकलं.

"मिस्त्री, त्या दिवशी गाडीला पाणी मीच मारलं होतं."

"माहीत हाय," तो प्लग पुसत म्हणाला. "पावसाच्या पान्याले साबनाचा वास येते का?"

"मग तेव्हाच मारलं का नाही?"

"तुले लोळवला असता तं गाडी कोनं चालवली असती? मी?"

मला हसू आलं नाही. मग मी डॉक्टरांचं सांगितलं. दोन तास. कदाचित.

हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं प्लग खाली ठेवला. उठला. हात वर गेला, पूर्वीसारखाच. मी डोळे उघडे ठेवले. हात माझ्या नाकापुढून वीतभर अंतरावरून गेला आणि लोखंडी खांबावर आदळला. बोटं सोलली, रक्त आलं. तो त्या हाताकडे बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"पुढं ये," तो म्हणाला.

मी पुढे झालो.

"अजून."

आणखी एक पाऊल टाकलं. त्यानं डाव्या हातानं चाचपत माझा खांदा शोधला, घट्ट धरला, आणि उजव्या हातानं थप्पड मारली. तशी मी जन्मात खाल्ली नव्हती. ओठ फुटला, कान वाजायला लागला. खांदा मात्र त्यानं बराच वेळ सोडला नाही.