हेस्परॉर्निसचे दात

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. निवृत्तीनंतर महाविद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागितल्या, तेव्हा सहलींवर आणि जुन्या प्राचार्यांच्या विनोदांवर चार पानं लिहून दिली. त्यांत मामा होते, पण ते फक्त चहा आणणारे मामा होते. आता पंचाहत्तरी उलटली आहे. ज्यांच्याशी बोलायला हवं होतं ते राहिले नाहीत. निदान कागदावर तरी खरं उतरवतो.

मी संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, प्राणिशास्त्र शिकवत होतो. मामा आमच्या विभागाचे प्रयोगशाळा परिचर. पडेगावहून सायकलवर यायचे. शिक्षण सातवीपर्यंत. झुरळं-बेडूक आणणं, काचसामान धुणं, हाडं उकळून स्वच्छ करून सांगाडे जोडणं ही त्यांची कामं. वर्गात तक्ता टांगला की ते भिंतीशी उभे राहायचे आणि माझं व्याख्यान ऐकायचे. दर वर्षी तेच व्याख्यान. मुलं जांभया द्यायची. मामा मात्र कान देऊन ऐकायचे.

पक्ष्यांच्या उत्क्रांतीचा तास त्यांचा आवडता, कारण त्यात हेस्परॉर्निस यायचा. डायनासोरांच्या काळातला समुद्रपक्षी, जवळजवळ माणसाएवढा लांब. त्याला उडता येत नव्हतं, पंख नावापुरते उरलेले. पाय पार मागे, शेपटीजवळ. पाण्यात बुडी मारून मासे धरायचा, आणि धरलेला मासा निसटू नये म्हणून जबड्यात दात. अभ्यासक्रमात त्याच्यावर जेमतेम एक परिच्छेद होता.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा मामा म्हणाले, "सर, जायच्या आधी विभागाला एक पक्षी करून द्यायचाय. तो दातवाला."

"कशाचा करणार?"

"ते माझ्याकडं लागलं. तुम्ही फक्त चुकलं तिथं सांगा."

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणकावळे बुडी कशी मारतात ते बघायला रविवारी जायकवाडीच्या पाण्याकाठी जाऊन बसायचे. तारेचा सांगाडा केला, त्यावर गोणपाट आणि प्लॅस्टर. पिसांसाठी सुतळी उकलून, पिंजून, रंगवून लावली. डोळ्यांसाठी काचेचे मणी शहागंजातून आणले. दात मात्र बकऱ्याच्या नळीच्या हाडाचे, एकेक कानशीनं घासलेला, मागे वळलेला, टोकदार. एकदा स्टाफरूमच्या दाराशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "सर, वरच्या जबड्याच्या टोकाला दात नव्हते ना? तिथं नुसती चोच?" मला आठवेना. ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढून पाहिलं. मामांचं बरोबर होतं.

पक्षी पुरा झाला. मी एका कार्डावर पक्ष्याचं नाव लिहिलं आणि खाली 'प्रतिकृती' म्हणून मामांचं पूर्ण नाव. मामांनी ते वाचलं. परत वाचलं. उभ्या आयुष्यात त्यांचं नाव हजेरीपट सोडून कुठं लिहिलं गेलं नव्हतं.

"नातीला आणून दाखवीन," एवढंच म्हणाले.

त्याच महिन्यात मूल्यांकन समिती आली. दोन दिवसांचा दौरा. भिंती रंगवल्या होत्या, कुंड्या भाड्यानं आणल्या होत्या. अध्यक्ष वाणिज्य शाखेचे, गमत्या स्वभावाचे. आमच्या विभागात ते पक्ष्यासमोर थांबले, वाकून त्याच्या तोंडात पाहिलं.

"हे काय सर, पक्ष्याला दात? कवळी बसवलीय का?"

सगळे हसले. प्राचार्य हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले.

"कुणाची करामत?" अध्यक्षांनी विचारलं.

'असे पक्षी होते, साहेब.' चार शब्द बोलायचे होते. वर्गात मी ते कितीदा बोललो होतो. पण अध्यक्षांचा विनोद कसा पाडायचा, त्यांना सगळ्यांदेखत चुकीचं कसं ठरवायचं, आणि महाविद्यालयाची श्रेणी त्यांच्या हातात. हे सगळं मनात यायला क्षणही लागला नाही. मीही हसलो आणि म्हणालो, "आमच्या परिचरांनी हौसेनं केलंय. त्यांना काय कळतं?"

मामा दाराशीच होते, पाण्याचे ग्लास घेऊन.

"काय मामा," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या गावाकडं असतात का असले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. 'सरांनीच शिकवलं' एवढं ते म्हणाले असते तरी मी तिथंच उघडा पडलो असतो. ते म्हणाले, "चुकलं असंल, साहेब." आणि पाणी पुढं केलं.

संध्याकाळी प्राचार्य म्हणाले, "उद्या कुठं हसं व्हायला नको." बस्स, इतकंच. दात काढायला त्यांनी सांगितलं नव्हतं. ते माझ्याच डोक्यातून निघालं.

"मामा, ते दात काढा आणि तोंड प्लॅस्टरनं बुजवून टाका."

"पण होते ना सर, दात?"

"होते हो. पण ह्यांना कोण समजावत बसणार?"

"मला नाय जमणार," मामा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेला तो पहिला नकार.

मग चिमटा मीच घेतला. दात पक्के बसवलेले होते, एकेक हलवून उपसावा लागला. मामा माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. मी प्लॅस्टर कालवू लागलो तेव्हा ते आले आणि त्यांनी ते कार्ड उचललं.

"राहू द्या की मामा, नाव तरी."

"नाय सर. असल्या पक्ष्याखाली माझं नाव नको. खोटं हाय ते."

दुसऱ्या दिवशी समिती आमच्या विभागाकडे फिरकलीसुद्धा नाही. ग्रंथालय पाहून परस्पर जेवायला गेली.

मामांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं. त्यांचा वक्तशीरपणा, त्यांचा नम्रपणा. टाळ्या पडल्या. त्यांनी नातीला आणलं नव्हतं. पुढं मी निवृत्त होईपर्यंत तो पक्षी तोंड मिटून कपाटात उभा होता, आणि मी त्याच्या शेजारी उभं राहून मुलांना सांगत होतो की याला दात होते.

दोनदा मी पडेगावला गेलो, खास माफी मागायलाच. पहिल्यांदा त्यांच्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली, चहा घेतला आणि निघालो. दुसऱ्यांदा गुडघेदुखीवर तासभर बोललो. नंतर नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ते स्वतः आले, म्हणून गेलो. मांडवात त्यांनी माझा हात धरून व्याह्यांपुढं नेलं. "हे आमचे सर. मी जे काय शिकलो ते ह्यांच्याकडनं." व्याही वाकून नमस्कार करू लागले. मी मामांना बाजूला घेतलं.

"मामा, जरा बोलायचं होतं."

"बोला ना, सर."

ते थांबले. चांगले थांबले. कुणीतरी हाक मारत होतं तरी हलले नाहीत.

"स्वयंपाक उत्तम झालाय," मी म्हणालो.

ते थोडं हसले. त्यांना कळलं असावं. मागच्या हिवाळ्यात मामा गेले. मला चार दिवसांनी समजलं.

त्या मांडवात बोलायचं होतं ते असं: मामा, त्या दिवशी तुम्हाला काय कळतं असं मी चारचौघांत म्हणालो. खरं काय ते तिथं आपल्या दोघांनाच कळत होतं, आणि खोटं मी बोललो. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, मी तुम्हाला घेतलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा.