एकतीस ठोके

ती तक्रार मीच केली होती. सही न करता, खाली 'एक रहिवासी' एवढंच लिहून.

जर्मनीत ब्राउनश्वाइगला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजल्यावर एक ऑस्ट्रेलियन राहायला आला. त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये बॉल लंबगोल असतो आणि पळता पळता त्याला लाथ मारण्यात हा पटाईत. आता त्याला अमेरिकन फुटबॉलमध्ये पगारी खेळाडू व्हायचं होतं. त्यात म्हणे एक माणूस फक्त लाथ मारायला मैदानात येतो. हातातला बॉल सोडायचा, जमिनीला टेकायच्या आत लांब उडवायचा आणि परत बाकावर जाऊन बसायचं. "याला पगार देतात?" असं मी त्याला दोनदा विचारलं. तिथल्याच एका अमेरिकन फुटबॉल संघाची निवड चाचणी दीड महिन्यावर आली होती. जमलं नाही तर कायमचं परत यायचं, असं तो घरी कबूल करून आला होता.

सराव करायचा मागच्या हिरवळीवर, रविवारी दुपारी. बॉल सायकलींच्या शेडच्या पत्र्यावर आदळायचा. जर्मनीत रविवार म्हणजे शांतता, आणि माझी ती झोपेची वेळ. मी कारखान्यात क्वालिटी तपासणीला. उठलो आणि तक्ता आखला: वेळ, ठोका, आवाज मध्यम की मोठा. तासात एकतीस भरले. तो कागद हाउसफेरवाल्टुंगला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या कचेरीला पाठवून दिला.

आठवड्यानं ऑस्ट्रेलियन दारात. हातात त्यांचं पत्र, त्याला माझा तक्ता जोडलेला. त्याला जर्मन अजिबात येत नसे.

"वाच ना जरा. आकडे आहेत, बक्षीस लागलं की काय?"

मी माझाच तक्ता त्याला इंग्रजीत वाचून दाखवला. वर पत्रात हुकूम: आवारात बॉल खेळायला बंदी.

"कोण असेल रे हा? 'आवाज मध्यम'! रविवारी याला दुसरं काही काम नाही?"

"नसेल," मी म्हणालो. स्वयंपाकघरात बायको खोकली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, आत्ताच्या आत्ता खाली जा आणि सांगून टाका."

मी गेलो. पण तोंडातून निघालं, "माझ्या गाडीतून गावाबाहेर जाऊया का, सरावाला?"

पुढचे चार रविवार बीटाच्या शेतालगतच्या कुरणात तो लाथा मारत होता आणि मी चिखलातून बॉल आणत होतो. एकदा बॉल थेट माझ्या नाकावर आला. बरं झालं, असं वाटलं. "तुझ्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं," असं तो म्हणायचा आणि मी आणखी जोरात पळायचो.

त्याची निवड झाली. राखीव म्हणून, पण पगारी. त्यानं सामान बांधायला घेतलं तेव्हा मी माफीपत्र लिहायला बसलो. इंग्रजीत लिहिताना हुंदका यायचा. जर्मनमध्ये मात्र फॉर्म भरल्यासारखं सरळ लिहून झालं. खाली सही ठोकली, जी माझ्या बँकेलाही कधी वाचता आलेली नाही, आणि त्याच्या पत्रपेटीत टाकून पळालो.

अर्ध्या तासात बेल वाजली.

"त्या कचेरीचं अजून एक पत्र! आता तर मी आवारात बॉलला हातसुद्धा लावत नाही. वाच."

"अहो, वाचा की," बायको म्हणाली. ती उघड उघड हसत होती.

मी दारातच उभा राहून वाचलं: "माननीय शेजारी, विषय: एकतीस ठोके. ते मोजणारा आणि नंतर चार रविवार गप्प राहणारा रहिवासी मीच. फेरतपासणीत सर्व आवाज मध्यमच आढळले." मग कागद खाली केला आणि म्हणालो, "चुकलो रे. मला माफ कर."