भितरवारची पोच

अंबरीश दिघे हिंदी मुलखातल्या कंपू नावाच्या वस्तीत, एका तपासणी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळतो. वय पन्नाशीचं, स्वभाव सरळ, इतका की बायको वैतागते. आसपासच्या गावांत लॅबची अकरा केंद्रं. रक्त तिकडून येतं, रिपोर्ट इथल्या सर्व्हरवरून तिकडे जातात. पण आठवडाभर रस्ता खोदलेला, केबल तुटलेली, सगळा कारभार एका मरतुकड्या मोबाइल डोंगलवर. त्यात डेंग्यूचे दिवस. अकराही जण एकदम मागायला लागले की सर्व्हर मानच टाकायचा.

मग या पठ्ठ्याने पंगतीचा नियम लावला. वडील जन्मभर मंडळाच्या भंडाऱ्यात वाढपी, त्यांचं बघूनच. ओळीने प्रत्येक केंद्राला तीन रिपोर्ट वाढायचे, 'मिळाले' अशी पोच आली की पुढचे तीन. पोच नाही तर थांबायचं. लाइन सुरळीत झाली आणि गडी खूश!

"दादा, तातडीचे आधी जायला हवेत ना?" लॅबच्या डॉक्टर मंजिरीने तेव्हाच विचारलं होतं.

"पंक्तिप्रपंच आपल्याकडे चालत नाही," हा म्हणाला. सगळ्यांना सारखं. घ्या!

आज दुपारी पावणेचारला मंजिरी धावत आली. "भितरवार केंद्रावरच्या गरिमाचा रिपोर्ट पोचला का? सातवा महिना आहे तिचा. प्लेटलेट्स अकरा हजार! मी तीनलाच पाठवलाय. तो बघूनच ते तिला इकडच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवणार."

अंबरीशने रांग उघडली. गरिमाच्या पुढे भितरवारचेच अडतीस रिपोर्ट, शुगर नि थायरॉइडचे. भितरवारचा फोन लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"अहो, बघत काय बसलात?"

त्याने बाकीची दहा केंद्रं एकेक करून थांबवली. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. गरिमाचा रिपोर्ट उचलून सर्वांत पुढे लावला नि धाडला. पोच नाही. पुन्हा धाडला. तेवढ्यात डबरा केंद्राचा फोन, "दादा, हमारी रिपोर्टें क्यों रुक गईं?" तो ओरडलाच, "रुको ना बाबा!" आयुष्यात तो कुणावर ओरडला नव्हता. देवा, एवढं पोचू दे, असं तो चक्क मोठ्याने म्हणाला.

चार वाजून सहा मिनिटांनी पोच आली. पाठोपाठ तिथलं केंद्र सांभाळणाऱ्या उत्कर्षचा निरोप: "मिल गई. नाक से खून आ रहा है. गाड़ी निकल रही है."

मंजिरी रक्ताची सोय करायला पळाली. अंबरीश खुर्चीत तसाच बसला. भंडाऱ्यात बाबा वाढायला घेण्याआधी पंगतीवरून एकदा नजर फिरवायचे, आणि कुणी साखरेच्या दुखण्याचा म्हातारा कासावीस दिसला की त्याच्या पानात आधी भात पडायचा. हे त्याला आत्ता आठवलं, मेलं आत्ता! तासभर आपण तिला ओळीत बसवून ठेवलं होतं. त्याने दहाही केंद्रं पुन्हा सुरू केली, आणि खाली जाऊन फाटकाशी उभा राहिला. गाडी याच रस्त्याने येणार होती.